अकोल्याला एक डिग्री जास्त

सूर्याशी ज्यांचं घरगुती भांडण आहे असे गृहस्थ साऱ्या वऱ्हाडात एकच, आणि ते नेमके माझे साडू आहेत. बाकीच्या माणसांच्या आयुष्यात उन्हाळा येतो. आमच्या साडूभाऊंच्या अंगावर तो चालून येतो. होळीची राख निवते न निवते तोच ते अकोल्यातल्या आपल्या घराच्या गच्चीवर जातात, कमरेवर हात ठेवून सकाळच्या सूर्याकडे डोळे बारीक करून पाहतात आणि खाली येऊन बायकोला सांगतात, "यंदा त्याचा इरादा काही चांगला दिसत नाही." त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, हे वाक्य लग्न झाल्यापासून ऐकते आहे. ती नुसती "हाव" म्हणते आणि माळ्यावरून ताकाची मोठी रवी काढायला लागते.

गंमत अशी, की ज्या उन्हाला ते दोन्ही वेळा जेवताना शिव्या घालतात त्याच उन्हाचा त्यांना भयंकर अभिमान आहे. मी अमरावतीचा, राजापेठेत माझं चष्म्यांचं दुकान आहे. एप्रिल लागला की रोज भर दुपारी, नेमका मी डबा उघडतो तेव्हा, त्यांचा फोन येणार. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "किती?" एवढाच प्रश्न. मी अमरावतीचा आकडा सांगायचा, मग ते अकोल्याचा सांगणार, आणि तो बहुधा एखाद्या डिग्रीनं तरी जास्त असणार. तो जास्त असला की तृप्त आवाजात म्हणणार, तुमचं काय साडूभाऊ, तुमाले चिखलदऱ्याचा वारा लागते, तुमाले काय समजते उन्हाया. एका वर्षी ओळीनं काही दिवस अमरावती पुढे गेली, तर या गृहस्थांनी माझ्याशी अबोला धरला. अमरावतीत थर्मामीटर तव्यावर ठेवतात, असं ते नातेवाइकांत सांगत फिरत होते हे मला नंतर कळलं. मी एकदा वैतागून विचारलं, की ऊन तुमचा दुश्मन ना, मग त्याची एवढी तरफदारी कशाला करता? तर म्हणाले, "कुस्ती धराची तं पैलवानाशी धरावं. मरतुकड्या उन्हाशी लढून काय नाव होते?"

या कुस्तीला उतरण्याचा त्यांचा पोशाख ठरलेला. ढगळ, पांढरा, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा. जुनं मऊ धोतर फाडून केलेला दुपट्टा, तो बादलीत बुडवून, अर्धवट पिळून, डोकं, कान, मान आणि नाकापर्यंतचं तोंड गुंडाळलेलं. डोळ्यांवर काळा चष्मा. तोही साधा नाही, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर देतात तसला, बाजूंनीसुद्धा बंद. माझ्या दुकानात परदेशी वाटणाऱ्या फ्रेमा असताना हा माणूस दर वर्षी येऊन तोच चष्मा मागतो आणि मला चार गिऱ्हाइकांपुढे लाज आणतो. हातात काळी छत्री, तिला वरून बायकोकडून शिवून घेतलेलं पांढरं कापड. खांद्याला अडकवलेली पाण्याची बाटली, आणि ती बाटली ओल्या पायमोज्यात घातलेली. पायमोजा धुतलेला असतो, असं ते न विचारता सांगतात.

अशा थाटात ते एकदा बँकेत गेले. दारावरच्या वॉचमननं अडवलं आणि तोंड उघडायला सांगितलं. त्याचं बरोबरच होतं म्हणा, त्या अवतारात मीही त्यांना आत सोडलं नसतं. साडूभाऊंनी तोंड उघडलं, पण त्या वॉचमनकडे नीट पाहिल्यावर त्यांना वेगळाच राग आला. बिचारा भर उन्हात लोखंडी स्टुलावर बसलेला. यांनी त्याला उठवलं, त्याचं स्टूल ओढत नेऊन लिंबाच्या सावलीत ठेवलं, स्वतःचा ओला दुपट्टा त्याच्या डोक्याला, कानाला, तोंडाला व्यवस्थित गुंडाळला आणि मग आत गेले. थोड्या वेळानं मॅनेजर बाहेर आला आणि त्यानं वॉचमनलाच हटकलं, कोण रे तू म्हणून. ही हकीकत साडूभाऊ सांगतात तेव्हा त्यांना त्यात हसण्यासारखं काहीच वाटत नाही. लोक हसतात ते त्यांना माहीत असतं. हसू द्या, हसणाऱ्याले घाम सुटते, तेवढाच त्याले थंडावा, म्हणतात. लाज नावाची वस्तू या माणसाच्या घरात आलीच नाही कधी.

बरं, उन्हाच्या नावानं जे जे काही चालतं ते सगळं त्यांना मान्य आहे असंही नाही. आमच्याकडे खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, अशी लोकांची पक्की खात्री असते. साडूभाऊंना या खिशातल्या कांद्याचा मनस्वी संताप. एका चैत्रात आम्ही दोघं दर्यापूरहून काळीपिवळीनं येत होतो. गाडी कोंबून भरलेली, काच तापलेली, आणि एका म्हाताऱ्यानं सुपारी काढायला खिशात हात घातला तर कांदा बाहेर आला. साडूभाऊंनी चौकशी केली तर जवळपास साऱ्या गाडीच्या खिशात कांदे निघाले. मग काय विचारता! तावीज हाय का हे, असं म्हणत त्यांनी एकेकाकडून कांदे गोळा केले, आपल्या पिशवीतली सुरी आणि मिठाची पुडी काढली, मांडीवर पेपर पसरला आणि कांदे चिरून साऱ्या गाडीला खायला लावले. वरून ज्याच्या त्याच्या बाटलीत मीठ-साखर घालून दिली. ड्रायव्हरलासुद्धा सोडला नाही. काळीपिवळी अकोल्याला पोचेपर्यंत आत जो वास सुटला होता त्याबद्दल मी काही बोलत नाही, पण उतरताना तो म्हातारा साडूभाऊंच्या पाया पडला आणि मग हळूच विचारता झाला, की आता खिशात काय ठेवू?

त्यांच्या घरी दुपारी बारा ते चार संचारबंदी असते. गुढीपाडव्याला गुढीच्या आधी खिडकीत कूलर उभा राहतो, त्याला वाळ्याच्या नव्या ताट्या लागतात, समोरची खिडकी नेमकी किती उघडी ठेवायची हे साडूभाऊ वीत लावून ठरवतात. वीज गेली की दारांना ओल्या चादरी. उन्हातून आलेल्या माणसाला आधी सावलीत बसवून गूळ-पाणी, मग ताक, मग ज्वारीची आंबील, आणि मग आडवं व्हायचं. बाराच्या आत गेलात तर गेलात. एकदा बारा वाजले की फाटकाला कुलूप लागतं आणि किल्ली साडूभाऊंच्या कमरेला. याच्या जोडीला एक प्रवचन असतं. बारसं असो, वास्तुशांत असो, ते पंगतीत उभं राहून सांगितल्याशिवाय हा माणूस घास घेत नाही. माझ्या बायकोला ते आरतीसारखं पाठ आहे. चक्कर आली, पायात गोळे आले की थांबा, सावली धरा, मिठाचं पाणी प्या. पण घाम येणं बंद झालं आणि माणूस भलतंच बोलायला लागला, तर समजा ऊन मेंदूत गेलं. मग त्याच्या तोंडात पाणी ओतत बसायचं नाही. सावलीत न्यायचं, भिजवायचं, हवा घालायची आणि दवाखान्याकडे पळायचं. आम्ही सगळे हे ऐकताना जिलबीकडे पाहत असू.

त्यांना एक मुलगा, तो बंगळूरला नोकरीला, आणि एक मुलगी. ही आमची भाची म्हणजे बापाचीच आवृत्ती, फक्त कमी बोलणारी. तिला पाहायला वरूडची मंडळी आली. मुलाचे वडील संत्र्याचे मोठे बागायतदार, स्वतःची कलमांची नर्सरी, अंगानं भरलेले, आवाजानं त्याहून भरलेले. पोहे झाले, चहा झाला, मुलामुलीचं बोलणं झालं आणि एकच्या सुमाराला ते "येतो आता" म्हणून उठले, तर फाटकाला कुलूप. चारच्या आधी मी कोणाले सोडत नसतो, असं साडूभाऊंनी त्यांना शांतपणे सांगितलं. त्या गृहस्थांना आधी वाटलं, की मुलगी पसंत करेपर्यंत आपल्याला कोंडून ठेवताहेत. त्यांचा चेहरा असा झाला की मी स्वयंपाकघरात जाऊन हसून आलो. पण आंबील पोटात गेली, कूलरसमोर सतरंजी पडली आणि पाच मिनिटांत वरूडकर घोरायला लागले. चार वाजता उठले ते वेगळेच होऊन. म्हणाले, पोरगी पसंत आहे, पण आधी हे सांगा, हा कूलर कोण्या मिस्त्रीनं बनवला?

इथपर्यंत सगळं झकास होतं. घोडं अडलं मुहूर्तावर. वरूडकरांनी मे महिन्यातला, दुपारी बाराचा मुहूर्त काढून आणला. आता बाहेरच्या माणसाला हे सांगूनही पटायचं नाही, पण आम्हा वऱ्हाडी लोकांना लग्न करायला मे महिना लागतो, आणि त्यातही दुपार. बाराच्या मुहूर्ताची वरात अकराला मारुतीच्या देवळातून निघते, आणि मंगल कार्यालयाचं फाटक दिसायला लागलं की तिथं ती जी रुतते ती दीड-दोनपर्यंत हलत नाही. डांबर चपलांना चिकटतं, घोडी तोंडाला फेस आणते, बँडवाले जाड कोटांत उकडून निघतात, आत पंख्याखाली नवरी वाट पाहते, आणि बाहेर नवरदेवाचे काका आणखी एक गाणं सांगतात. ज्या फाटकाच्या आत सावली आहे, त्याच फाटकासमोर भर उन्हात नाच सगळ्यात जास्त रंगतो. याचं कारण मला आजवर कोणी सांगू शकलेलं नाही.

साडूभाऊ म्हणाले, लग्न संध्याकाळी, गोरज मुहूर्तावर. व्याही म्हणाले, आमच्या घरात वरात उन्हातच निघते, आजवर कोणी वितळलं नाही, आणि गोरजावर लग्न लावलं तर माझी माणसं वरूडला परत कधी पोचतील? साडूभाऊ म्हणाले, मग लग्न नाही. मुलीच्या बापानं असं बोलायचं नसतं हो! मुलीचा बाप खाली मान घालतो, हात जोडतो, आणि व्याही म्हणतील तो मुहूर्त धरतो. हा माणूस ताठ. व्याहीही ताठ. दोघांच्या बायका रडकुंडीला आल्या, मध्यस्थ अकोला-वरूड करून दमला, आणि पत्रिका छापायच्या राहिल्या. मी अकोल्याला जाऊन समजूत घालायला लागलो तर मलाच विचारतात, तुमी कोणाकडून हाय, माह्याकडून का उन्हाकडून? शेवटी भाची बाहेर आली. तिला तो मुलगा मनापासून आवडला होता हे साऱ्या घराला माहीत होतं, बापाला सोडून. ती म्हणाली, "बाबा, लग्न माहं हाय. तुमचं अन् उन्हाचं नाही."

साडूभाऊंनी उठून कूलरच्या ताटीवर तांब्याभर पाणी मारलं. मग व्याह्यांना फोन लावला आणि बाराचा मुहूर्त कबूल केला. अट एकच घातली, की देवळापासून कार्यालयापर्यंतचा रस्ता माझ्या ताब्यात. रस्ता काय, लागेल तर आमची घोडी पण घ्या ताब्यात, असं म्हणत व्याही मोठ्यानं हसले. त्यांना वाटलं, हा माणूस करून करून काय करणार?

माणसानं काय केलं ते अकोल्यातल्या त्या गल्लीला विचारा. कलमांवर लावतात ती हिरवी जाळी त्यांनी व्याह्यांच्याच नर्सरीतून मागवली आणि बांबू रोवून साऱ्या रस्त्यावर छत घातलं. वळणावळणाला पाण्याचे रांजण, ताकाची पिंपं. देवळाच्या दारात मी आणि माझी बायको ओल्या दुपट्ट्यांच्या बादल्या घेऊन उभे. वराती माणूस दिसला की त्याच्या फेट्यावर दुपट्टा टाकायचा, नको म्हणाला तर पाणी टाकायचं, असा हुकूम होता. घोडीच्या पाठीवर ओलं पोतं, त्यावर नवरदेवाची झूल. आणि वरात निघणार एवढ्यात साडूभाऊंनी बँड थांबवला. साऱ्या बँडवाल्यांना कोट काढायला लावले. लाल मखमलीचे, सोनेरी झालरीचे कोट उतरले आणि आत निघाले घामानं निथळणारे बनियन. व्याही खवळले. बनियनवरच्या बँडनं माझ्या पोराची वरात काढता, माझ्या साऱ्या वरूडनं हे पाहायचं? साडूभाऊ म्हणाले, "वाजवते कोण, कोट का माणूस?" बँडवाल्यांनी व्याह्यांकडे पाहिलंच नाही. कोट गुंडाळून ढोलावर टाकले आणि जो काही वाजवला तो बँड! माझी तर छाती अभिमानानं भरून आली, अकोल्याच्या माणसाबद्दल मला असं वाटावं म्हणजे कमालच.

पण एक गोष्ट साडूभाऊंच्याही हातात नव्हती. कार्यालयाच्या फाटकाअलीकडे विजेच्या तारा खाली होत्या, तिथं जाळी बांधता आली नाही. रस्त्याचा तेवढा तुकडा उघडा राहिला. त्यांचा हिशेब होता, की लोक तो पळत ओलांडतील. पळतात कसले! सावलीतून आलेली, ताक प्यालेली, ताजीतवानी वरात त्या उघड्या तुकड्यावर येऊन पोचली, फाटक दिसलं, आणि सवयीप्रमाणे तिथंच रुतली. साऱ्या रस्त्यावरची ताकद वाचलेली, ती सगळी तिथं बाहेर निघाली. साडूभाऊ त्या उन्हात इकडून तिकडे धावत होते, एकेकाला धरून फाटकात ढकलत होते, ढकललेला मागच्या बाजूनं परत नाचायला येत होता. बँडमधला क्लॅरिनेटवाला वयस्कर होता, त्याचे पाय लटपटताना मी पाहिले. साडूभाऊंनी डोक्याचा दुपट्टा सोडून त्याला गुंडाळला आणि फाटकाच्या आत नेऊन बसवलं. आणि स्वतः उघड्या डोक्यानं पुन्हा बाहेर. मी हाक मारली, ते ऐकायला तयार नाहीत. मुलीची वरात होती आणि ती उन्हात उभी होती, त्यांना दुसरं काही दिसतच नव्हतं.

थोड्या वेळानं ते माझ्याजवळ आले. शांतपणे माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात सदऱ्यावरूनसुद्धा भाजत होता. म्हणाले, "साडूभाऊ, काही म्हणा, ऊन तुमच्या अमरावतीचंच. आमच्या अकोल्यात काही दम नाही."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. लालबुंद चेहरा, आणि घामाचा एक थेंब नाही. बारशा-वास्तुशांतीत जिलबीकडे बघत ऐकलेलं सगळं प्रवचन त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उभं राहिलं. मी जन्मात ओरडलो नाही इतक्या जोरानं ओरडलो, की बँड बंद करा. वरातीला वाटलं, भांडण लागलं. ज्यांना काय झालं ते आधी कळलं ते व्याही. कारण कूलरसमोरून उठल्यावर त्यांनीही ते प्रवचन ऐकलं होतं. त्यांनी पोराला घोडीवरून उतरवलं, घोडीच्या पाठीवरचं ओलं पोतं ओढलं आणि साडूभाऊंना त्यात गुंडाळून, स्वतःच्या रेशमी कुर्त्याची पर्वा न करता, उचलून आत नेलं. कोणीतरी पाण्याचा पेला तोंडाला लावायला निघालं, त्याच्या हातावर माझ्या बायकोनं फटका मारला. सरबतासाठी आणलेला बर्फ व्याह्यांनी फेट्याच्या कापडात बांधून त्यांच्या मानेला, काखेत धरला. बनियनवरचे बँडवाले आपले मखमली कोट दोन्ही हातांनी धरून वारा घालत होते. गाडी येईपर्यंत साडूभाऊ डोळे मिटून काहीबाही पुटपुटत होते आणि त्यात दोनदा अमरावतीची स्तुती झाली. ती ऐकताना मला रडू आलं. आयुष्यभर जे त्यांच्या तोंडून ऐकायची मी वाट पाहिली, ते असं ऐकायला नको होतं.

मी गाडीबरोबर दवाखान्यात गेलो. बाराचा मुहूर्त केव्हाच टळला होता. मागं कार्यालयात काय झालं ते बायकोनं नंतर सांगितलं. भटजींनी त्यानंतरची एक वेळ काढली, वडीलधाऱ्यांनी भाचीला समजावलं, की शुभकार्य थांबवू नये. ती शालूत, मुंडावळ्या बांधून बसली होती. उठली नाही. बाबा शुद्धीवर येऊन अमरावतीले नावं ठेवतीन तवाच मी हार घालीन, म्हणाली. यावर कोणी काही बोलण्याआधी व्याह्यांनी साऱ्या वरूडला आत पंख्याखाली बसायला सांगितलं. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एक वऱ्हाडी वरात दुपारी चारपर्यंत मुकाट सावलीत बसली.

ऊन कलताना साडूभाऊंनी डोळे उघडले. सलाइन, डॉक्टर, मी, अशी ओळख पटवून झाल्यावर त्यांनी पहिली गोष्ट विचारली, की मी काही बोललो का? मी सांगितलं. ते म्हणाले, "अमरावती? म्या म्हटलं असं? मंग तं मी गेलोच होतो, साडूभाऊ." आणि लगेच, तव्यावर थर्मामीटर ठेवणारं गाव ते, असं म्हणून डोळे मिटून घेतले. मी बाहेर जाऊन भाचीला फोनवर तेवढं एकच वाक्य जसंच्या तसं सांगितलं. पलीकडे ती ढसाढसा रडली.

लग्न गोरज मुहूर्तावर लागलं. म्हणजे साडूभाऊंनी मागितलं होतं तेव्हाच. फक्त ते तिथं नव्हते. डॉक्टरांनी त्यांना पलंगावरून हलू दिलं नाही आणि त्यांच्यात भांडायचं बळ नव्हतं. मी मोबाइल त्यांच्यापुढे धरला, त्यावर त्यांनी मंगलाष्टकं ऐकली, लेकीच्या हातातला हार पाहिला. डोळ्यांतलं पाणी कानाकडे वाहत होतं ते पुसूही दिलं नाही, म्हणाले, राहू द्या, थंड वाटते. त्यातच मध्ये एकदा बजावलं, बँडवाल्यायले म्हणा, अजून कोट घालू नका. वरूडला जाण्याआधी भाची शालूतच दवाखान्यात आली आणि बापाच्या पायाशी बसून तिनं एकच मागणं मागितलं. डॉक्टर म्हणाले होते, की एकदा असं झालेल्या माणसानं पुढं फार जपायला हवं, भर उन्हाळा अकोल्यात काढूच नये. तेव्हा दर उन्हाळ्यात त्यांनी बंगळूरला मुलाकडे जावं. साडूभाऊंनी मान डोलावली. मी त्यांना ओळखत होतो. ती मान नुसती डोलावली होती.

पुढच्या चैत्रात कूलर लागला, ताट्या आल्या, आणि साडूभाऊ अकोल्यातच. अकोल्याचा माणूस उन्हाया पाहून गाव सोडत नसते, असं मलाच उलटं ऐकवलं. मग एका दुपारी भाची वरूडहून एसटीनं आली. बाराचं ऊन, डोक्यावर पदर नाही, दुपट्टा नाही, छत्री नाही. फाटकाबाहेर, रस्त्यावर, उन्हात उभी राहिली. आत ये म्हटलं तर आली नाही. तुमी गेल्याशिवाय मी आत पाय ठेवणार नाही, एवढंच बोलली. साडूभाऊ किल्ली घेऊन फाटकापर्यंत धावले, ओला दुपट्टा घेऊन तिच्या डोक्यावर टाकायला गेले, तिनं तो काढून हातात धरला. ज्या माणसानं साऱ्या अकोल्याला सावलीत ओढलं, त्याची लेक त्याच्या डोळ्यांदेखत उन्हात उभी होती. ते फार वेळ टिकले नाहीत. त्याच रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलं.

तेव्हापासून दर वर्षी पाडव्याला कूलर लावून ते जातात आणि मृग लागला की येतात. व्याह्यांच्या घरात आता लग्नं गोरजावरच लागतात, आणि बँडवाल्यांना कोटाची सक्ती नसते. बंगळूरला साडूभाऊंचं मन रमत नाही. तिथं ऊन आहे, पण त्यांच्या मते ते मरतुकडं आहे. तरी सकाळी दूध आणायला जाताना ते ओला दुपट्टा आणि काळा चष्मा घालूनच निघतात. सोसायटीतल्या लोकांनी हसून हसून आता सोडून दिलं आहे, असं मुलगा सांगतो.

दुपारी माझ्या डब्याच्या वेळेला फोन मात्र येतोच. फक्त आता दोन्ही आकडे मी सांगायचे असतात. आणि अमरावती पुढे असली तरी मी अकोल्याला एक डिग्री जास्त लावतो. ते "वाटलंच मले" म्हणतात, आणि मला माझी पोळी गोड लागते.

परवा फोन आला. मी आकडे सांगायच्या आधीच ते म्हणाले, "साडूभाऊ, आज अमरावती पुढं हाय."

माझा घास हातातच राहिला. अमरावतीचा असा मोठेपणा त्यांच्या तोंडून मी एकदाच ऐकला होता, वरातीच्या उन्हात. डोकं दुखतंय का, घाम येतोय का, जवळ कोण आहे, फोन सुनेला द्या, असं मी एका दमात विचारून टाकलं. पलीकडे ते हसले, अगदी हळू.

"इथं काय ऊन लागते, साडूभाऊ. मोबाइलवर दिसते मले सगळं. तुमी रोज अकोल्याले एक डिग्री जास्त लावता, तेही दिसते."

"मग रोज विचारता कायले?"

ते म्हणाले, "तुमी सांगता तं वाटते, मी गच्चीवर उभा हाय."

त्यांनी विचारलं, दुपट्टा भिजवला का, घरी कसे जासान? मी हो म्हणालो. भिजवला नव्हता. फोन ठेवला, डबा झाकला आणि दुकानातल्या बादलीत दुपट्टा बुडवायला उठलो.